कॅल्शियम नॉर्मल आलं, मग हाडं का दुखतात?

हल्ली घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या लॅबच्या पॅकेजात सत्तर-ऐंशी तपासण्या असतात. संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ येते आणि घरातलं कुणीतरी ती वरपासून खालपर्यंत वाचत बसतं. त्यात दोन ओळी हमखास गोंधळ घालतात. सीरम कॅल्शियम ९.३, नॉर्मल. व्हिटॅमिन डी ११, ठळक अक्षरात, शेजारी खाली जाणारा बाण. आई सांगत असते की पाय ओढतात, कंबर धरते, जिना चढताना मांड्यांत जीव राहत नाही. मुलगा म्हणतो, अगं कॅल्शियम तर नॉर्मल आहे, म्हणजे हाडांचं काही नाही, वयाचं असेल.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, मुलाने काढलेला अर्थ तेवढा चुकलाय. रक्तातल्या कॅल्शियमचा आकडा शरीर काहीही करून सांभाळतं, त्यासाठी हाडं झिजवावी लागली तरी. त्यामुळे हा आकडा नॉर्मल असणं हा हाडं ठणठणीत असल्याचा पुरावा ठरत नाही. हे कसं घडतं ते समजलं, की रिपोर्टमधल्या बऱ्याच ओळी आपोआप उलगडतात.

## हाडात किलोभर, रक्तात ग्लासभर दुधाएवढं

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक ते सव्वा किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तातल्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात, दर डेसिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. प्लाझ्मा सुमारे तीन लिटर धरला तर सगळं मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. गाईच्या दुधाच्या एका ग्लासात जवळपास तेवढंच असतं.

एवढ्याशा साठ्यावर शरीर फार मोठी कामं चालवतं. हृदयाचा प्रत्येक ठोका, स्नायूंचं आकुंचन, एका नसेकडून दुसरीकडे जाणारा निरोप, जखमेवर रक्त गोठणं, या सगळ्याला कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की माणूस ढिला पडेल असं वाटतं, पण होतं उलटं. नसांच्या बाहेर असलेलं कॅल्शियम त्यांना आवर घालत असतं. ते घटलं की नसा उगाच पेटतात. ओठांभोवती मुंग्या, बोटांत झिणझिण्या, पोटऱ्यांत गोळे, फारच घटलं तर झटके. वाढलं तर सगळं मंदावतं. बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, सतत तहान आणि लघवी, आणि शेवटी भान हरपणं. म्हणून हा आकडा अगदी अरुंद पट्ट्यात ठेवावा लागतो.

किराणा दुकानाचा गल्ला डोळ्यासमोर आणा. मालक गल्ल्यात दिवसभराच्या व्यवहाराला पुरेल एवढेच पैसे ठेवतो, बाकी बँकेत. गल्ला कमी पडला की बँकेतून काढून आणतो, जास्त झाला की भरून येतो. तुम्ही कधीही डोकावलात तरी गल्ल्यात साधारण तेवढीच रक्कम दिसेल. तिच्यावरून मालकाची ऐपत ठरवता येणार नाही. बँकेतलं खातं रिकामं होत आलेलं असलं तरी गल्ला भरलेलाच दिसेल. सीरम कॅल्शियमची तपासणी म्हणजे गल्ल्यात डोकावणं. बँक म्हणजे हाडं.

एक बारकावा. रक्तातलं साधारण निम्मंच कॅल्शियम मोकळं असतं आणि खरं काम तेच करतं. उरलेलं बहुतेक अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं. अशक्त किंवा यकृताच्या रुग्णात अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही कमी दिसतं, पण मोकळं कॅल्शियम ठीक असू शकतं. रिपोर्टमध्ये ‘आयोनाइज्ड कॅल्शियम’ लिहिलेलं दिसलं तर ते हे मोकळं कॅल्शियम.

## गळ्यातल्या चार पुटकुळ्या

या सगळ्यावर नजर कोण ठेवतं? गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या पाठीमागे, मसुराच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांना चार ग्रंथी असतात. त्या पॅराथायरॉइड. नावात थायरॉइड आहे ते फक्त शेजारामुळे. कामाचा काही संबंध नाही. ‘थायरॉइडची टेस्ट केली, सगळं नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्याची पॅराथायरॉइड तपासलेली नसते.

त्या सापडल्या तेही मजेशीर. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला. त्याचं शवविच्छेदन करताना शरीररचनेचे अभ्यासक रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा दिसला आणि त्यांनी तशी नोंद करून ठेवली. पुढे १८८० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने माणसातल्या या ग्रंथींचं रीतसर वर्णन छापलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्याच काळात युरोपातले सर्जन गलगंडासाठी थायरॉइड काढत होते, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही काही रुग्णांचे हातपाय वळायचे, काही दगावायचे. थायरॉइडबरोबर या चार पुटकुळ्याही कापल्या जात होत्या, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. १९०९ मध्ये मॅककॅलम आणि व्होग्टलिन या संशोधकांनी दाखवलं की या ग्रंथी काढलेल्या कुत्र्याला कॅल्शियम टोचलं की त्याचे झटके थांबतात. तेव्हा कुठे ग्रंथी आणि कॅल्शियम यांची गाठ पडली.

आजही थायरॉइडच्या ऑपरेशननंतर नर्स विचारते, ‘ओठांना मुंग्या येताहेत का?’ त्यामागे हेच आहे. शंका असेल तर डॉक्टर बीपीचा पट्टा दंडावर बांधून, फुगवून, तीन मिनिटं तसाच ठेवतात. कॅल्शियम कमी असेल तर मनगट आत वळतं, अंगठा तळव्यात शिरतो, बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटतात. घट्ट बांगड्या भरताना हात करतो, अगदी तसा. रुग्णाने ठरवून सोडवायचा म्हटलं तरी तो सुटत नाही. पट्टा सैल केला की सुटतो.

या ग्रंथींतल्या पेशींच्या अंगावर कॅल्शियम ओळखणारं एक प्रथिन असतं. त्याचा जनुक १९९३ मध्ये हाती लागला. रक्तातलं मोकळं कॅल्शियम जरासं घसरलं की या पेशी काही सेकंदांत एक हॉर्मोन सोडतात: पॅराथायरॉइड हॉर्मोन, रिपोर्टमधलं पीटीएच. कॅल्शियम वर आलं की सोडणं मंदावतं. रक्तात आलेलं पीटीएच काही मिनिटांतच निम्मं होतं, त्यामुळे कालचा हुकूम आज चालू राहत नाही. पॅराथायरॉइडची गाठ काढताना सर्जन याचा छान उपयोग करतात. गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त घ्यायचं; पीटीएच निम्म्याहून खाली आलं असेल तर बरोबर ग्रंथी काढली, टाके घाला.

## पीटीएच कुठे कुठे जातं

सगळ्यात आधी मूत्रपिंडात. तिथे रोज आठ-दहा ग्रॅम कॅल्शियम गाळलं जातं आणि जवळपास ९८ टक्के परत घेतलं जातं. उरलेल्या थोड्याचं काय करायचं ते पीटीएच ठरवतं. टंचाई असेल तेव्हा ते कॅल्शियम अडवून धरतं आणि फॉस्फेट मात्र लघवीतून घालवतं. फॉस्फेट घालवण्याला कारण आहे. हाडं कॅल्शियम आणि फॉस्फेट या दोघांची बनलेली असतात, त्यामुळे हाड विरघळवलं की दोन्ही एकदम रक्तात येतात. फॉस्फेट तिथेच साचलं तर ते कॅल्शियमला पुन्हा बांधून ठेवेल आणि केलेली मेहनत फुकट.

दुसरं ठिकाण हाडं. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यात हाड खाणाऱ्या पेशी आणि हाड बांधणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. गंमत अशी की पीटीएच खाणाऱ्या पेशींशी थेट बोलतच नाही. ते बांधणाऱ्या पेशींना निरोप देतं आणि त्या खाणाऱ्यांना कामाला लावतात. ही विचित्र उतरंड पुढे एका औषधाच्या संदर्भात उपयोगी पडेल.

तिसरं ठिकाण आतडं, आणि इथे व्हिटॅमिन डी येतं. नावाने व्हिटॅमिन असलं तरी वागणुकीने ते हॉर्मोन आहे. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होतं, यकृतात त्याचं पहिलं रूपांतर होतं आणि मूत्रपिंडात दुसरं. हे शेवटचं रूप खऱ्या कामाचं. ते बनवायला मूत्रपिंडाला पीटीएच भाग पाडतं आणि मग आतडं अन्नातलं कॅल्शियम अधिक प्रमाणात शोषायला लागतं. ढोबळ हिशेब असा की व्हिटॅमिन डी पुरेसं नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी १०-१५ टक्केच आत जातं, असेल तर ३० टक्के किंवा थोडं जास्त.

मूत्रपिंडाचे काही परिणाम मिनिटांत दिसतात, आतड्याला एक-दोन दिवस लागतात, आणि हाडातून मोठी उचल करायलाही वेळ लागतो.

शाळेच्या पुस्तकात पीटीएचसमोर कॅल्सिटोनिन नावाचं हॉर्मोन उभं केलेलं असतं: एक कॅल्शियम वाढवतं, एक कमी करतं. चित्र सुबक आहे. हॅरॉल्ड कॉप यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हँकुव्हरमध्ये ते शोधलं. पण माणसात त्याचं रोजचं महत्त्व फार कमी. थायरॉइड पूर्ण काढलेल्यांच्या शरीरात ते जवळजवळ नसतं, आणि थायरॉइडच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये ते भरमसाट वाढतं. दोन्हीकडे रक्तातलं कॅल्शियम ठीकच राहतं. परीक्षेपुरतं लक्षात ठेवावं, रिपोर्ट वाचताना विसरावं.

## व्यालेली गाय उठत नाही तेव्हा

हे सगळं एकाच वेळी फसलेलं बघायचं असेल तर गोठ्यात जावं लागतं. नगर, सांगली, कोल्हापूरकडे संकरित गाई पाळणाऱ्या घरात मिल्क फिव्हर, म्हणजेच दुग्धज्वर, कुणाला सांगावा लागत नाही. चांगली दूध देणारी गाय, तिसरं-चौथं वेत, व्याली रात्री. दुसऱ्या दिवशी मागचे पाय लटपटतात. कान गार, नाकपुडी कोरडी. मग खाली बसते ती उठत नाही. मान वळवून कुशीवर टाकून पडून राहते. ताप नसतो, उलट अंग गार पडत जातं. डॉक्टर येतात, मानेच्या शिरेत कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली लावतात, आणि एक हात बाटलीवर, दुसऱ्या हाताने छातीवर स्टेथोस्कोप. घाई करता येत नाही, कारण भरभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं. अर्धी बाटली संपेपर्यंत गाईच्या अंगावर थरथर येते, ढेकर येते, शेण पडतं. थोड्या वेळाने बरीचशी जनावरं उठून उभी राहतात. वैद्यकात इतका झटपट फरक दिसणारे उपचार फार थोडे.

झालेलं असं असतं. दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जातं. गाईच्या सगळ्या प्लाझ्मात असतं तीन ग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे एका धारेत गल्ला सात-आठ वेळा रिकामा झाला. हाडांत कित्येक किलो पडलेलं आहे, पण ते काढायला दोनेक दिवस हवेत आणि दूध तर आजच काढलंय. गाय जितकी वयाने जास्त, तितकी ही उचल सावकाश.

आता यातली उफराटी बाब. व्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे गाईला भरपूर कॅल्शियम दिलं तर धोका कमी होईल असं वाटतं. तो वाढतो. आयतं कॅल्शियम मिळत राहिल्याने पॅराथायरॉइड सुस्तावते, आतडं आणि हाडं दोन्ही सवय विसरतात, आणि व्यायल्यावर अचानक मागणी आली की कुणीच तयार नसतं. म्हणून जाणते पशुवैद्य शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली आणि लसूण घास (ल्यूसर्न हा हिरवा चारा) आवरायला सांगतात. लसूण घासात कॅल्शियमही भरपूर आणि पोटॅशियमही. पोटॅशियममुळे शरीराचं आम्ल-अल्क संतुलन असं झुकतं की पीटीएचचा हुकूम नीट ऐकला जात नाही. यावर उपाय म्हणून खास क्षारांचं मिश्रण देतात. व्यायल्यानंतर मात्र कॅल्शियम लगेच सुरू. मॅग्नेशियमही बघावं लागतं, कारण ते फार घटलं तर पीटीएच नीट सुटतही नाही आणि त्याचं कुणी ऐकतही नाही. माणसातही हे असंच आहे. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींचं मॅग्नेशियम घटतं, आणि मॅग्नेशियम दिल्याशिवाय त्यांचं कॅल्शियम कितीही ओतलं तरी वर टिकत नाही.

बाळंतीण बाई अशी कोसळत नाही, कारण तिच्या दुधातून दिवसाला २००-३०० मिलिग्रॅमच कॅल्शियम जातं. शिवाय स्तनांतूनच पीटीएचसारखं एक हॉर्मोन सुटतं आणि हाडांतून हळूहळू उचल सुरू होते. अंगावर पाजण्याच्या काळात मणक्यांची घनता काही टक्क्यांनी उतरते. दूध तुटल्यावर सहा महिने ते वर्षभरात ती बहुतेकींमध्ये आपोआप भरून येते. अभ्यासांत असंही दिसलंय की त्या काळात जादा गोळ्या दिल्याने ही उतरण फारशी थांबत नाही. डिंकाचे लाडू जरूर खावेत, चवीला तोड नाही. पण हाडं भरण्याचं श्रेय त्यांना एकट्यांना देऊ नये. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्यामागे गरोदरपणात वाढणारा रक्तदाब टाळणं हेही मोठं कारण आहे, त्यामुळे त्या बंद करू नयेत. आणि ‘बाळाने आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतलं’ हे खरं नाही. दातांतून अशी उचल होतच नाही. त्या काळात दात किडतात ते उलट्या, सारखं खाणं आणि सुजलेल्या हिरड्या यांमुळे.

## आता त्या दोन ओळी

आईच्या रिपोर्टकडे परत. व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम. २० च्या खाली कमतरता धरतात. आतड्यातून कॅल्शियम पुरेसं येत नाही. रक्तातला आकडा घसरायला लागतो, पॅराथायरॉइड पीटीएच वाढवते, हाडातून कॅल्शियम निघतं, आकडा पुन्हा ९.३. महिनोन् महिने असं चाललं की नव्याने बांधल्या जाणाऱ्या हाडात खनिज भरतच नाही आणि हाड मऊ राहतं. लहान मुलांत याला मुडदूस म्हणतात. मोठ्यांत पाय वाकत नाहीत, पण नडगी दाबली की दुखते, बरगड्या दुखतात, मांड्यांचे स्नायू कमजोर होतात आणि उकिडवं बसून उठता येत नाही. आईच्या तक्रारी अशाच होत्या. अशा वेळी पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांत आणि यकृतात बनणारं एक एन्झाइम) तपासलं तर दोन्ही वाढलेली सापडतात, फॉस्फेट बहुधा खाली. अल्कलाइन फॉस्फेटेज त्याच पीडीएफमध्ये लिव्हरच्या तपासण्यांत असतं. तिथे ते जास्त आलं की लोक यकृताची काळजी करत बसतात.

ऑस्टिओपोरोसिस हा वेगळा प्रकार. त्यात हाड मऊ नसतं, विरळ होतं. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाड खाणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. तो फ्रॅक्चर होईपर्यंत दुखत नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट, पीटीएच सगळं नॉर्मल असू शकतं. तो डेक्सा स्कॅनवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, दिसतो.

## ‘आपल्याकडे ऊन काय कमी आहे?’

ऊन भरपूर आहे, अंगावर किती पडतं ते बघा. सकाळी सातचं कोवळं ऊन सुखद असतं, पण व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण तेव्हा वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि नेमकं तेव्हा आपण ऑफिसात, वर्गात, किंवा ओट्यापाशी असतो. काचेतून येणारं ऊन गरम लागतं, पण हे किरण काच अडवते. गाडीत किंवा खिडकीत बसून काही साधत नाही. सावळ्या त्वचेला तेवढ्याच व्हिटॅमिनसाठी जास्त वेळ ऊन लागतं. शहरातला धुरळा आणि अंगभर कपडे हे आहेतच.

खाण्याची बाजूही लंगडी आहे. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. चहातल्या दुधावर ते भागत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत बऱ्यापैकी जातं. धान्यातल्या फायटेट नावाच्या, कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यातलं काही शोषलं जात नाही. पीठ आंबवून अंबील केली किंवा नाचणीला मोड आणले तर हा अडथळा कमी होतो. सुकट, बोंबील, काटेरी छोटे मासे काट्यासकट खाणाऱ्या कोकणी माणसाने इथे थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

## ‘मग पावडरचं पाकीट रोजच घेतो’

इथे थांबा. व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं ते पाकीट बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायचं असतं. चिठ्ठीवरचं ‘आठवड्याला एक’ नीट न वाचता रोज घेणारे, सहा लाख युनिटची इंजेक्शनं ‘ताकदीसाठी’ पुन्हा पुन्हा टोचून घेणारे, असे रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. त्यांचं रक्तातलं कॅल्शियम इतकं चढतं की उलट्या, गोंधळ आणि मूत्रपिंडाला इजा होते. पॅराथायरॉइड आपलं काम चोख करते, पीटीएच जवळपास शून्यावर आणते, पण आतड्यावर व्हिटॅमिन डीचा जोर चालूच असतो. ते चरबीत साठतं, त्यामुळे औषध बंद केल्यावरही महिनोन् महिने त्रास सुरू राहू शकतो.

कॅल्शियमच्या गोळीबद्दल एवढंच की एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊन फायदा नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी असेल तर जेवणासोबत घ्यावी. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावी, नाहीतर ती गोळी आतड्यातच अडकते. लोहाच्या गोळीबरोबरही नको.

## ‘मुतखडा आहे, दूध बंद करू का?’

नको. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून कॅल्शियमवर संशय घेणं साहजिक आहे. पण जेवणातलं कॅल्शियम पालकासारख्या पदार्थांतल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर ऑक्झलेट मोकळं रक्तात शिरतं, तिथून मूत्रपिंडात. २००२ मध्ये इटलीतल्या अभ्यासात पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या पुरुषांना पाच वर्षं दोन आहारांवर ठेवलं. कमी कॅल्शियमवाल्यांपेक्षा पुरेसं कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी मांस खाणाऱ्यांना खडे कमी झाले. पाणी भरपूर, मीठ कमी, दूध-ताक जेवणासोबत.

पण वारंवार खडे होत असतील आणि रक्तातलं कॅल्शियम १०.८ किंवा ११ आलं असेल तर गोष्ट वेगळी.

## आकडा जास्त आला तर

‘दूध जास्त झालं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. निरोगी माणसात दुधाने हा आकडा चढत नाही. जादाचं कॅल्शियम मूत्रपिंड बाहेर टाकतं. पुन्हा तपासूनही तो जास्तच आला तर लगेच पीटीएच तपासावं. कॅल्शियम जास्त आणि पीटीएच खाली, तर पॅराथायरॉइड निर्दोष. कारण दुसरीकडे, म्हणजे व्हिटॅमिन डीचा अतिरेक, क्षयासारखे काही आजार, कॅन्सर असं शोधावं लागतं. कॅल्शियम जास्त असताना पीटीएचही जास्त, किंवा नुसतं ‘नॉर्मल’ असलं तरी, बोट पॅराथायरॉइडकडेच जातं. कारण कॅल्शियम एवढं असताना ते दबलेलं असायला हवं होतं. लॅबच्या छापील मर्यादेत बसणारा आकडाही चुकीचा असू शकतो, तो असा. यामागे बहुतेक वेळा चारपैकी एका ग्रंथीत झालेली साधी गाठ असते.

हा आजार किती छळू शकतो ते अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाच्या कहाणीत दिसतं. सहा फुटांवरचा दणकट माणूस १९१८ नंतरच्या काही वर्षांत कित्येक इंच खुजा झाला, हाडं पुन्हा पुन्हा मोडली, खडे झाले. पॅराथायरॉइडची गाठ असणार हे डॉक्टरांना कळलं, पण गळ्यात सापडेना. सहा ऑपरेशनं वाया गेली. मार्टेलने स्वतः ग्रंथालयात बसून शरीररचनेची पुस्तकं वाचली आणि छाती उघडून बघा असा आग्रह धरला. १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनात गाठ तिथेच, छातीच्या हाडामागे, मिळाली. गर्भात या ग्रंथी वरून खाली सरकत गळ्यात येतात आणि एखादी पुढे निसटून छातीत जाऊन बसते. मार्टेल मात्र वाचला नाही. काही आठवड्यांनी खड्याच्या ऑपरेशननंतर तो गेला. आज स्कॅनवर अशी गाठ बहुतेकदा आधीच दिसते.

मूत्रपिंड निकामी होत आलेल्यांची कथा निराळी. तिथे व्हिटॅमिन डीचं शेवटचं रूप बनत नाही, फॉस्फेट बाहेर जात नाही, आणि पॅराथायरॉइड वर्षानुवर्षं राबून फुगते. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या ताटातून फॉस्फेट कमी करतात आणि जेवणाबरोबर ते बांधून ठेवणारी गोळी देतात, ती त्यासाठी.

## हाड खाणारं हॉर्मोन, हाड बांधणारं इंजेक्शन

पीटीएच सतत जास्त राहिलं तर हाड झिजतं, हे आतापर्यंत पाहिलं. त्याच पीटीएचचा एक तुकडा, टेरिपॅराटाइड, दिवसातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली टोचला तर मात्र हाड वाढतं. कारण मघाची उतरंड. निरोप आधी बांधणाऱ्या पेशींना मिळतो. तो काही तासांत विरून गेला तर खाणाऱ्या पेशी पुरत्या जाग्या होण्याआधीच बांधकाम पुढे जातं. दिवसभर चालू राहिला तर खाणाऱ्यांची सरशी होते. अमेरिकेत हे औषध २००२ मध्ये मंजूर झालं, आणि भारतातही मिळतं. ज्यांचे मणके आधीच दबले आहेत अशांना २० मायक्रोग्रॅम रोज, बहुधा दोन वर्षांपर्यंत देतात. ते थांबवल्यावर लगेच हाडाची झीज रोखणारं दुसरं औषध सुरू करावं लागतं. अनेकजण ‘कोर्स संपला’ म्हणून इथेच सोडतात आणि कमावलेलं हाड वर्ष-दीड वर्षात बरंचसं गमावतात.